घाट चढताना गाडी तापते. हेड उतरवावे का?

वाचकाचा प्रश्न: पाचगणीच्या पलीकडे एका गावात स्ट्रॉबेरीची शेती करणाऱ्या वाचकांचे हे पत्र आहे. त्यांच्याकडे वडिलांनी २००७ साली नवी घेतलेली सात आसनी टर्बो डिझेल गाडी असून ती २ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. तिचा रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर चालतो. गेल्या हंगामापासून वाईहून परतताना पसरणी घाटाच्या निम्म्या वाटेत तापमानाचा काटा वर सरकू लागतो आणि मागे सामान किंवा रिकामे क्रेट असले की लाल पट्टीपर्यंत जातो. वाई ते सातारा या सपाट रस्त्यावर ताशी ७०-८० च्या वेगातही काटा मध्यावर असतो. दोनदा काटा लाल पट्टीवरून आपणहून झपकन खाली आला, तेव्हा 'गाडी थंड झाली' असे समजून ते पुढे गेले. आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर पाणी कमी होते, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. गाडीचे काम पत्नीचे चुलत भाऊ करतात. त्यांनी आधी थर्मोस्टॅट (पाणी तापले की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, मग वॉटर पंप बदलला, मग रेडिएटर आतून साफ करून आणला. या सगळ्यावर १६ हजार रुपये गेले. आता हेड गॅसकिट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली फट बंद ठेवणारी पातळ चकती) गेले असून हेड उतरवावे लागेल आणि ३५ ते ४० हजार खर्च येईल, असे ते म्हणतात. मुलगा म्हणतो, इतकी जुनी गाडी तापणारच, विकून टाका. याच गाडीतून आईला दर महिन्याला साताऱ्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते आणि गाडी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली तर मेव्हणे दुखावतील, ही भीती आहे. "हेड उतरवू की गाडी काढून टाकू?" असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सगळ्यात मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. सपाट रस्त्यावर काटा मध्यावर राहतो आणि घाटात चढतो, हे ते वाक्य. गाडी 'तापते' एवढेच सांगणारी पत्रे माझ्याकडे अनेक येतात, पण ती केव्हा तापते हे सांगणारी थोडी असतात, आणि निदान करायला खरा उपयोग त्या 'केव्हा'चाच होतो. तुमच्या प्रश्नात मात्र हेड उतरवणे आणि गाडी विकणे असे दोनच रस्ते आहेत. या दोन्हींच्या अलीकडे एक काम राहून गेले आहे. आजवर या गाडीतले भाग बदलले गेले, काढले गेले, साफ केले गेले, परंतु एकाही भागाची तपासणी झाल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. तेव्हा ३५ हजारांचा निर्णय घेण्याआधी दोन-तीन सकाळी या गाडीसोबत घालवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आधी मुलाचे म्हणणे पाहू. गाडी जुनी झाली म्हणून तापते, हे पुष्कळांना पटते, पण वय हे तापण्याचे कारण नसते. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. पंप ते पाणी फिरवतो, रेडिएटर ते पसरवतो आणि हवा त्याची उष्णता घेऊन जाते. ही साखळी धड असेल तर वीस वर्षांची गाडीही पसरणी चढून जाते, आणि एक कडी ढिली असेल तर चार वर्षांची गाडीही उकळते. कोणती कडी ढिली आहे, हे तापण्याच्या वेळेवरून कळते. बाजारात गाडी थांबून असताना तापत असेल तर संशय पंख्यावर जातो. सपाट मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर पाण्याच्या वाहण्यावर, म्हणजे आतून बुजलेला रेडिएटर, खालचा नळ किंवा पंप यांच्यावर जातो. घाटात मात्र इंजिन सर्वाधिक उष्णता तयार करत असते आणि त्याच वेळी गाडीचा वेग इतका कमी असतो की समोरून आपोआप येणारी हवा जवळजवळ नसते, त्यामुळे सगळा भार पंख्यावर येतो. वाईपासून पाचगणीपर्यंत गाडी साडेपाचशे-सहाशे मीटर उंच चढते, आणि तुमची गाडी तर भार घेऊन चढते. सपाटीवर ताशी ८० च्या वेगात काटा स्थिर राहतो, याचा अर्थ रेडिएटर आतून फारसा बुजलेला नाही आणि पंपही पाणी फिरवत आहे. म्हणून माझा पहिला संशय हवेच्या वाटेवर आणि पंख्यावर आहे.

परंतु मेव्हण्यांचा अंदाजही मी झटकून टाकणार नाही. हेड गॅसकिटला बारीक फट पडली असेल तर तीसुद्धा प्रथम घाटातच बोलते, कारण भारामुळे सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तिथला वायू पाण्याच्या वाटेत घुसतो. म्हणजे संशयित दोन आहेत, दोघेही घाटातच दिसतात आणि दोघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यांना वेगळे करणे हेच तुमचे पुढचे काम आहे.

त्याआधी एक गोष्ट आजच्या आज मनावर घ्या. लाल पट्टीवर गेलेला काटा आपणहून झपकन खाली येतो, तेव्हा बहुतेक वेळा गाडी थंड झालेली नसते. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेपर्यंतच नीट मोजतो. पाणी उकळून किंवा फेकले जाऊन पातळी खाली गेली की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि काटा खोटा दिलासा देतो. त्या क्षणी हेड आधीपेक्षा अधिक तापत असते. यापुढे काटा असा खाली आला तर सुरक्षित जागा पाहून लगेच बाजूला थांबा आणि इंजिन बंद करा. हेड आजवर शाबूत असेल, तर अशा एका चुकीने ते खरोखरच जाऊ शकते.

आता पहिली सकाळ. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली असावी. बॉनेट उघडा, रेडिएटरचे झाकण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि झाकण पुन्हा घट्ट लावा. मग इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी नळाला हात लावा. सदऱ्याची बाही, उपरणे, बोटे पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. पहिली दोन मिनिटे हा नळ थंड आणि मऊ असला पाहिजे, दाबला की बोटाखाली दबला पाहिजे. तो थंड असतानाच दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा असू शकत नाही, कारण उष्णता अजून तयारच झालेली नाही. तो सिलिंडरमधून आलेला वायू असतो. डिझेल इंजिनात हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाते, त्यामुळे फट बारीक असली तरी वायूला बाहेर पडायला जोर पुरतो. यानंतर इंजिन बंद करा, ते गार असतानाच झाकण काढा, पुन्हा सुरू करा आणि गळ्यात पाहत राहा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे काही बुडबुडे येतील आणि थांबतील, त्यात काही विशेष नाही. बुडबुडे थांबतच नसतील आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असतील, तर मेव्हण्यांचा अंदाज खरा ठरू लागतो. पाणी कोमट होऊ लागले की हे निरीक्षण थांबवा.

आणखी एक खूण आहे, तिला काहीच खर्च नाही. ज्या दिवशी गाडी घाट चढून आली असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, झाकण हळूच सोडा. पूर्ण गार झालेल्या गाडीतून 'फुस्स' असा दाब सुटला, तर रात्रभर टिकून राहिलेला तो वायू गॅसकिटकडे बोट दाखवतो. निरोगी गाडीत गार झाल्यावर दाब उरत नाही.

बऱ्याच गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची एक चाचणी करतात. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढली जाते आणि त्या हवेत जळणाचा वायू असेल तर द्रवाचा रंग बदलतो. ही चाचणी जरूर करून घ्या, पण डिझेल इंजिन नुसते सुरू ठेवले असता त्यात हवा फार आणि जळण थोडे असते, म्हणून रंग पुसटच बदलतो किंवा बदलत नाही. इंजिन काही वेळ वाढीव फेऱ्यांवर ठेवून चाचणी करायला सांगा, आणि रंग बदलला नाही एवढ्यावरून निश्चिंत होऊ नका. ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा दुधट फेस हा पुरावा म्हणून पुष्कळदा दाखवला जातो. तुमच्या भागातल्या धुक्या-पावसात आणि आखूड फेऱ्यांत तसा फेस निरोगी इंजिनातही धरतो, आणि थर्मोस्टॅट नसलेल्या इंजिनात तर अधिकच धरतो. डिपस्टिकवरचे, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या सळईवरचे, ऑइलच दुधाळ झाले असेल, तर गोष्ट वेगळी.

या सगळ्यात नळ मऊ राहिला, बुडबुडे थांबले आणि सकाळी दाब सुटला नाही, असे निघाले तर हेडला हात लावू देऊ नका. मग आपण त्या आठवड्याच्या अर्ध्या-पाऊण लिटर पाण्याचा हिशेब लावू. थेंब दिसत नाही म्हणजे पाणी इंजिनातच जळते, असे तुम्ही आणि मेव्हण्यांनी धरलेले दिसते. पण घाटात तापलेले पाणी झाकणातून जादा पाण्याच्या बाटलीत आणि बाटलीतून रस्त्यावर फेकले जात असेल, तर घराच्या अंगणात थेंब पडणारच नाही. रेडिएटरच्या झाकणाला आपण नुसते झाकण समजतो, वास्तविक ती दाब राखणारी झडप असते. झाकणावर ०.९ किंवा १.१ (बार, म्हणजे दाबाचे माप) असा आकडा छापलेला असतो आणि तेवढा दाब होईपर्यंत ते पाणी आत धरून ठेवते. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते, पाचगणीच्या उंचीवर ते सुमारे ९६ अंशांनाच उकळू लागते. ०.९ चे झाकण नीट असेल तर त्याच उंचीवर ही मर्यादा ११५ अंशांच्या पुढे जाते. झाकणाचे रबर चिरले असेल, स्प्रिंग थकली असेल किंवा कोणी भलत्याच गाडीचे झाकण बसवले असेल, तर हे वीस अंश तुमच्या हातून जातात, आणि ते नेमके घाटाच्या माथ्यावर जातात. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून तोच आकडा असलेले नवे झाकण आणा. दोन-चारशे रुपयांची ही वस्तू सर्वांत आधी बदलायला हवी होती.

यानंतर हवेची वाट. रेडिएटर 'आतून साफ करून आणला' असे तुम्ही लिहिले आहे, तो बाहेरून कसा होता हे लिहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी माझी स्वतःची जुनी डिझेल गाडी अशीच चढावर तापू लागली होती. समोरच्या जाळीतून पाहिले तर सगळे स्वच्छ दिसत होते, कारण समोर दिसते ते एसीचे कंडेन्सर असते आणि रेडिएटर त्याच्या मागे असतो. वरचे दोन बोल्ट काढून कंडेन्सर दोन बोटे पुढे ओढले तेव्हा मधल्या फटीत जणू एक घोंगडी अंथरलेली होती. लाल माती, वाळलेल्या गवताची कुसळे, मेलेले किडे आणि उसाच्या पाचटाचा भुसा यांचा घट्ट थर, बोटाने उचलला तर कपड्याच्या तुकड्यासारखा सलग निघून येणारा. रेडिएटरचा खालचा जवळजवळ निम्मा भाग त्याने झाकला होता. तो थर काढल्यावर गाडीने पुन्हा तक्रार केली नाही. तुमची गाडी तांबड्या मातीच्या शेतरस्त्यांवर चालते, म्हणून हे काम मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. कंडेन्सर पुढे ओढताना एसीच्या नळ्यांवर ताण येऊ देऊ नका. पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूकडून समोरच्या बाजूला मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाईल. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, कारण पातळ पट्ट्या वाकल्या की हवेची वाट कायमची बंद होते. फॅनभोवतीचे प्लास्टिकचे कडे जागेवर आहे का, तेही पाहा. मागच्या कामात ते काढून ठेवले असेल आणि परत लावायचे राहिले असेल, तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

तुमचा पंखा पट्ट्यावर चालतो असे पत्रात आहे, म्हणजे त्याच्या मध्यभागी बहुधा व्हिस्कस क्लच असावा. हा जाडजूड गोल डबा म्हणजे तुमच्या गाडीतला दुसरा मोठा संशयित. त्याच्या तोंडाशी धातूची एक पट्टी किंवा गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती वाकते, आतले दाट सिलिकॉन तेल दुसऱ्या कप्प्यात सोडते आणि पंखा इंजिनाबरोबर जोराने फिरू लागतो. तेल गळून गेले की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. एक साधी खूण सांगतो. घाटात काटा वर सरकतो तेव्हा समोरून घोंघावणारा, ट्रकसारखा आवाज येतो का? क्लच धड असेल तर तो आवाज यायलाच हवा. दुसरी खूण अशी की इंजिन चांगले तापलेले असताना बंद केले तर पंखा जवळजवळ लगेच थांबला पाहिजे. तो बराच वेळ मोकळा गरगरत राहिला, तर क्लच मेला आहे. इंजिन बंद असताना डब्याच्या मध्याभोवती धूळ चिकटलेली तेलकट रेघ दिसली, तरी तेच समजा.

आता थर्मोस्टॅट. मेव्हण्यांनी तो काढला यात वाईट हेतू नाही, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्री हेच शिकत आले आहेत. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट काढला की गाडी लगेच थंड होते, आणि त्या अनुभवातून 'गरम देशात त्याची गरजच नाही' असा समज रुजला. पण बहुतेक इंजिनांत पाण्याला दोन वाटा असतात, एक रेडिएटरकडे जाणारी आणि दुसरी आतल्या आत फिरून पंपाकडे परतणारी. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट पहिली वाट बंद ठेवतो. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास आले की तो उघडतो, आणि अनेक इंजिनांत त्याच वेळी त्याची खालची चकती दुसरी वाट बंद करते. अशा इंजिनातून तो काढून टाकला की आतली वाट कायमची उघडी राहते. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता परत इंजिनात जातो. सपाटीवर हे खपून जाते, घाटात खपत नाही. थर्मोस्टॅट नसला की पाणी फार जोरात फिरते आणि त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही, असे काही जण सांगतात, ते कारण मात्र बरोबर नाही. खरे कारण ती उघडी राहिलेली वाट आहे. शिवाय असे इंजिन सपाटीवर आणि थंडीच्या सकाळी गरजेपेक्षा गार चालते, डिझेल जास्त पिते आणि अधिक झिजते.

म्हणून तुमच्या इंजिनाचा, योग्य अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या. बसवण्यापूर्वी घरीच तपासा. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी सोडा, तो तळाला टेकू देऊ नका, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या जवळपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळण्याच्या बेतात आले की पूर्ण उघडलेला दिसला पाहिजे. हे तुम्ही मेव्हण्यांसमोर केलेत तर अधिक चांगले.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. बॉनेट उघडे ठेवून कोणाला तरी इंजिनाच्या फेऱ्या वाढवायला सांगा आणि रेडिएटरचा खालचा नळ पाहा. तो पंपाच्या ओढीने चपटा होत असेल तर बदला. सपाटीवरून आल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहा, एखादे चाक इतरांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक धरून राहतो आहे आणि इंजिन त्याचाही भार ओढते आहे. काट्यावर विश्वास नसेल तर लांबून तापमान दाखवणारी पिस्तुलासारखी यंत्रे आता सहज मिळतात, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती तापमान कमी दाखवतात. थर्मोस्टॅट बसतो त्या धातूच्या कप्प्यावर काळ्या टेपचा एक तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.

पाण्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. दर आठवड्याला भरता ते पाणी बोअरचे असेल, तर साफ करून आणलेला रेडिएटर तुम्ही पुन्हा क्षाराने भरत आहात. निम्मे कूलंट आणि निम्मे बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, हे मिश्रण बहुतेक गाड्यांना चालते. बाटलीतले कूलंट आधीच पाणी मिसळलेले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. हिरवे, लाल, निळे अशा रंगावरून जात ठरवू नका, पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहा आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवा, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तिथून अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. पंप बदलल्यानंतर हवा नीट काढली गेली नसेल, तर आत अडकलेला तो हवेचा गोळाही घाटात असाच त्रास देतो.

समजा, या सगळ्यातून हेड गॅसकिटच दोषी ठरले. तसे झाले तर हेड उतरवायला हरकत नाही, पण नुसते गॅसकिट बदलून हेड परत बसवू देऊ नका. हेड मशिन शॉपला पाठवून त्याला तडा आहे का, याची दाबाखाली तपासणी करून घ्या आणि पृष्ठभाग सरळ आहे का, हे सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून घ्या. वाकलेले हेड घासून सरळ करण्याला काही डिझेल इंजिनांत परवानगी नसते, म्हणून घासण्यापूर्वी त्या इंजिनाची मर्यादा पाहायला सांगा. अनेक डिझेल इंजिनांची गॅसकिटे वेगवेगळ्या जाडीची असतात आणि कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ती ओळखली जातात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून त्यातली योग्य जाडी निवडायची असते. ज्यांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तिथे नवेच बोल्ट घाला. एवढे करणार असाल तरच तो खर्च कारणी लागेल. आणि वर सांगितलेले झाकण, पंखा, हवेची वाट हे आधी दुरुस्त झालेले असले पाहिजे, नाही तर ज्या कारणाने गॅसकिट गेले त्याच कारणाने नवेही जाईल.

हेडला तडा निघाला आणि दुसरे हेड आणायची वेळ आली, तर मुलाच्या म्हणण्याचा नव्याने विचार करा. त्या वेळी इंजिनाखेरीज चेसिसचा गंज, गिअर बॉक्स, टर्बो आणि पुढच्या नोंदणी नूतनीकरणाचा व पर्यावरण कराचा खर्च हे सगळे एका कागदावर मांडा. निदान न करता विकलीत, तर घेणारा माणूस 'तापणारी गाडी' म्हणूनच भाव करील. दोष झाकणाचा किंवा पंख्याचा निघाला, तर तेवढ्यासाठी तुम्ही मोठा तोटा सोसलेला असेल.

राहिला प्रश्न मेव्हण्यांचा. त्यांना न सांगता गाडी दुसरीकडे नेऊ नका, तुम्ही म्हणता तसे त्यांना ते लागेल आणि गावात कळायलाही वेळ लागणार नाही. मला वाटते, तुम्ही त्यांच्याकडे आजवर 'गाडी तापते, बघा' एवढीच तक्रार घेऊन गेलात, आणि तक्रार अशी अर्धवट आली की मिस्त्री नेहमी बिघडणारे भाग एकेक करून बदलत जातो. या वेळी त्यांच्याकडे जाताना वही घेऊन जा. घाटात कोणत्या वळणावर काटा हलला, कोणता गिअर होता, एसी चालू होता का, भार किती होता, पंख्याचा आवाज आला का, किती पाणी घालावे लागले, सकाळी नळ कडक होता की मऊ, हे तीन फेऱ्यांचे टिपून न्या. मग म्हणा, "भाऊ, हेड उतरवायचे तर तुमच्याच हातून उतरवू, पण त्याआधी आपण दोघे मिळून सकाळची तपासणी करू आणि पंखा पाहू." निळ्या द्रवाचे किंवा हेडच्या दाबतपासणीचे साधन त्यांच्याकडे नसेल, तर ते काम साताऱ्याच्या गॅरेजमध्ये किंवा मशिन शॉपमध्ये त्यांनाच सोबत घेऊन करून आणा. आपल्या डोळ्यांसमोर झालेली तपासणी कोणाला अपमान वाटत नाही. थर्मोस्टॅट परत बसवण्याचा विषय मात्र भीडेपोटी सोडू नका.

हे होईपर्यंत घाट चढायचाच असेल, तर गाडी चालवण्याची एक सवय बदला. डिझेल वाचवण्यासाठी आपण चढावरही वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हत ठेवतो. पाण्याचा पंप आणि तुमचा पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात, त्यामुळे फेऱ्या कमी झाल्या की पाणी आणि हवा दोन्ही मंदावतात आणि उष्णता मात्र तेवढीच राहते. एक गिअर खाली घ्या, ॲक्सिलरेटर हलका ठेवा, एसी बंद करा आणि क्रेट दुसऱ्या फेरीला आणा. काटा मध्याच्या वर सरकू लागला तर खिडक्या उघडून गाडीतला हीटर पूर्ण गरम आणि पूर्ण वेगात लावा. काटा खाली आला तर तेवढी उष्णता बाहेर गेली, आणि दोष बहुधा हवेच्या किंवा रेडिएटरच्या बाजूचा आहे, हे वहीत लिहा. काटा वर असताना हीटरमधून गार हवा आली, तर पाणी कमी आहे किंवा वाटेत वायू अडकला आहे. अशा वेळी लगेच थांबा. थांबल्यावर किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका, नंतरही जाड ओले फडके धरून आधी थोडेसेच फिरवून वाफ जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

आणि आईंना पुढच्या तपासणीला नेण्याची तारीख या सगळ्याच्या आधी येत असेल, तर त्या दिवशी दुसरी गाडी ठरवा. भर दुपारी घाटातल्या वळणावर पाऊण तास थांबणे तुम्हाला जमेल, त्यांना जमणार नाही.